करंगळीतली रिंग

कामशेतावर सकाळपासून धुकं उतरलं होतं. जुन्या हायवेवरच्या गाड्यांचे नुसते दिवे दिसत. अल्लाबक्ष गॅरेजचं शटर वर करून वडिवळ्याच्या एका जीपचा रेडिएटर पाइपानं धूत बसला होता. जाळीत खाचरातला चिखल गच्च बसला होता.

अमिना नवऱ्याला चहा घेऊन आली आणि त्याच्या हाताकडं बघून हसली. "अवो, रातच्याला कुणासंगं साखरपुडा उरकला का काय?"

करंगळीत काळीकुट्ट रबरी रिंग होती. त्या बोटाला रिंगेची इतकी सवय, की असली-नसली त्याला कळतच नसे. कंप्रेसर बदलायचा तर पाइपांच्या जोडात बसवायच्या नव्या रिंगा तेलात बुडवून आधी करंगळीत घालायच्या, म्हणजे खाली पडून धूळ लागत नाही, ही त्याची रीत. काल संध्याकाळी निवृत्तीच्या टॅक्सीचा एसी कंप्रेसर बदलला, तेव्हा जोड दोन आणि बोटातल्या रिंगाही दोनच होत्या. मग ही राहिली कशी? म्हणजे एका जोडाला जुनीच चिकटून राहिली. जुनी रिंग गार असताना गॅस धरते, तापली की सोडते आणि एसी बंद पडतो.

आणि निवृत्ती तर पहाटेच लेकीला, प्रेरणाला घेऊन घाट उतरायला गेलेला. तिचे दिवस भरलेले, दवाखाना पनवेलचा. लोणावळ्याला येणारे पाहुणे एसी लावतात गारव्यासाठी. इथले ड्रायव्हर पावसात तो लावतात काचेसाठी. घाटात एसी बसला की काच आतून दुधासारखी होते, समोरचा ट्रक अंगावर येईस्तोवर दिसत नाही.

फोन लागेना. निवृत्तीभाऊंचा हात घाटात मुरलेला हाय, असं अमिना सांगत राहिली. त्यानं मोटरसायकल बाहेर काढली, परत आत लावली. आता कुठं गाठायचा? मग तो जीपपुढं बसला आणि धुतलेलीच जागा पुन्हा धूत राहिला. चहावर साय धरली.

शेवटी फोन वाजला. निवृत्तीच होता.

"अल्लाबक्षभाई, पोचलो बरं का. पोरीला आत नेलं."

"आन काच?"

"काचंला काय झालंय? लख्ख हाय. लय गार करतोय तुमचा कंप्रेसर. प्रेरणा कुडकुडाया लागली, माझं जर्किन घातलं तिला."

अल्लाबक्ष तिथंच टायरवर टेकला. छातीवरचा जॅक कुणी हळूच खाली घ्यावा तसं झालं. मग साबणाची पूड चोळून त्यानं करंगळी घासली. काळा थर निघाला आणि खालून रिंग हिरवीगार निघाली. तेव्हा कुठं आठवलं. निवृत्तीनं आणलेल्या खोक्यात हिरव्या रिंगा होत्या. त्यातली एक जोडावर लावून बघितली, ढिली वाटली, म्हणून ती बोटात सरकवून आपल्या डब्यातल्या दोन काळ्या काढून बसवल्या. हिरवी तशीच बोटात राहिली.

अमिनाला सांगितलं तर ती म्हणाली, "म्हंजे मोडला म्हणायचा साखरपुडा."

त्यानं रिंग खिळ्याला अडकवली, गार चहा एका घोटात संपवला आणि पाण्याचा पाइप उचलला. जीपच्या जाळीचा खालचा कोपरा अजून तुंबलेलाच होता.