भिंतीवरचे सतरा कागद

ढिवर मोहल्ल्यात इस्तारी भानारकर हा एकटाच मॅट्रिक झालेला माणूस. तलावाच्या मासेमारी सोसायटीचा सचिवही तोच. त्यामुळे कुणाला दाखला हवा, कुणाचं नाव रेशनकार्डात चढवायचं, की माणूस कागद घेऊन त्याच्या दारात हजर. इस्तारी कागद घेई, बसायला खाट टाकी, तंबाखू-सुपारीचा खर्रा पुढे करी आणि म्हणे, "ठेवून जाय. उद्या पाहतो." मग तो कागद आढ्याला टांगलेल्या थैलीत जाई, आणि तिथून सहसा खाली येत नसे.

माणूस आळशी नव्हता. कडाक्याच्या थंडीत तलावात जाळं ओढायला उतरणारा पहिला तोच. पण कचेरी म्हटली की त्याचे पाय जड व्हायचे. विशीत असताना एका बाबूने, अक्षर लागत नाही म्हणून, त्याचा अर्ज चार माणसांदेखत फाडून फेकला होता. ते त्याने गिरजेलाही, म्हणजे बायकोलाही, कधी सांगितलं नव्हतं.

१९९८ साली बायनाबाईची पोरगी दिव्यानी दहावी झाली आणि चंद्रपूरला नर्सच्या शिक्षणासाठी तिचं नाव यादीत लागलं. जातीचा दाखला तेवढा हवा होता. बायनाबाई विधवा, दुसऱ्याच्या धानाच्या बांधीत रोवणा, म्हणजे भातलावणी, करणारी. तिने होळीच्या आधीच सगळे कागद इस्तारीकडे दिले होते. दर आठ दिवसांनी ती विचारायला येई आणि "उद्या" ऐकून परत जाई. शेवटच्या तारखेला मायलेकी दाखल्याशिवायच चंद्रपूरला गेल्या. खिडकीवरच्या माणसाने यादीतल्या पुढच्या पोरीचं नाव पुकारलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी इस्तारी अंगणात जाळं सांधत बसला होता. दिव्यानी आली, थेट घरात शिरली, आढ्याची थैली काढली आणि अंगणात उलटी केली. पिवळे पडलेले, कसरीने खाल्लेले कागद मातीत पसरले. तिने ते एकेक उचलून लावले. सतरा भरले. मग चुलीतला कोळसा घेऊन ती रस्त्याकडच्या भिंतीपाशी गेली. गिरजेने ती भिंत चारच दिवसांपूर्वी चुन्याने पोतली होती. दिव्यानीने उभ्या रेघा मारून चार रकाने पाडले: नाव, काम, कागद देल्याचा दिवस, झालं. सतराही ओळी तिने भरल्या. शेवटचा रकाना वरपासून खालपर्यंत पांढरा राहिला.

इस्तारी उठला. पोरीच्या जातीने एवढी मस्ती करू नये, असं काहीसं तो ओरडला. दिव्यानीने कोळसा खाली टाकला.

"माही ओळ खालून तिसरी आहे, काकाजी," ती म्हणाली. "माही जागा गेली. बाकीच्यायचं काय काय गेलं ते आता तेच येऊन पाहतीन."

ती गेल्यावर इस्तारीने ओलं फडकं घेतलं. गिरजा दारात उभी होती.

"भिंत मी पोतली," ती म्हणाली. "हात लावून पाहा."

त्याने हात लावला नाही. दुपारपर्यंत सारा मोहल्ला भिंतीपुढे येऊन गेला. ज्याला वाचता येत नव्हतं त्याला दुसऱ्याने वाचून दाखवलं. इसरू म्हातारा आपल्या नावावर बोट ठेवून बराच वेळ उभा राहिला आणि जाताना दारात थुंकला. दुसऱ्या दिवशी डोंगा तलावात गेला तेव्हा इस्तारीला कुणी हाक मारली नाही.

तीन दिवस तो धुमसत होता. पोरीवर, बायकोवर, फुकटात कामं करून घेऊन वर थुंकणाऱ्या मोहल्ल्यावर. चौथ्या दिवशी, घ्या तुमचं, अशा रागाने त्याने इसरूचा कागद खिशात घातला आणि सायकल काढली. रेशनकार्डावर सुनेचं नाव चढवायचं होतं. दुपारच्या जेवणाला तो काम करून परत आला. भिंतीच्या पांढऱ्या रकान्यात त्याने फुली मारली.

"आठ महिने थैलीत होता," गिरजा म्हणाली. "आन् काम अर्ध्या दिवसाचं."

तीन दिवसांचा राग आता फिरून त्याच्यावरच आला, आणि हा जास्त जाळणारा होता.

त्या महिन्यात सोपी कामं भराभर उरकली. अवघड ओळी हलेनात. दिव्यानीच्या ओळीपुढे तो रोज उभा राही आणि रोज तसाच मागे फिरे. एकदा चिडून त्याने त्या ओळीखालीच लिहायला घेतलं. जातीचा दाखला म्हणजे नेमकं काय? शाळा सोडल्याचा कागद. तलाठ्याचा दाखला. आज्याच्या शाळेतल्या नोंदीची नक्कल. प्रतिज्ञालेख. मग कचेरी. एक डोंगर दिसत होता त्याची पाच ढेकळं झाली. प्रत्येकापुढे त्याने वार घातला. सोमवारी तलाठी, बुधवारी शाळा. वार चुकला की गिरजा त्या वाराभोवती कोळशाने गोल काढायची. तिला अक्षर येत नव्हतं, पण वार ती ओळखायला शिकली. पहिल्या महिन्यात सहा गोल झाले. त्या गोलांवरून दोघांची कडाक्याची भांडणं झाली, एकदा तर तिने चूल पेटवली नाही.

चार ढेकळं फुटली. पाचवं कचेरीचं. तिथल्या बाबूने कागद घेतले आणि मान वर न करता म्हटलं, "उद्या या."

इस्तारीने घरी येऊन तारीख लिहिली. दुसऱ्या खेपेला साहेब दौऱ्यावर. तिसऱ्या खेपेला शिक्का नाही. एका ओळीपुढे सात तारखा झाल्या. आठव्या खेपेला त्याने त्या तारखा कागदावर उतरवून घेतल्या आणि दिव्यानीलाही सोबत नेलं.

बाबू म्हणाला, "उद्या या."

हा आवाज त्याच्या ओळखीचा होता. तो स्वतःच्या अंगणात, खाटेवर बसून, अगदी याच आवाजात बोलत आला होता. बाजूला दिव्यानी उभी होती. तिने दोन्ही आवाज ऐकले होते.

"उद्या म्हंजे कोनती तारीख, साहेब?" त्याने विचारलं. "ह्या सात झाल्या. आठवी तुमच्या हातानं लिवून द्या. खाली सही करा."

बाबूने कागद भिरकावला. इस्तारीने तो उचलून परत टेबलावर ठेवला. बाबू ओरडला, शिपायाला बोलावलं. इस्तारी हलला नाही. त्याने दोन्ही हात टेबलाच्या कडेवर घट्ट दाबून धरले. गलका ऐकून आतला अधिकारी बाहेर आला. त्याने तो तारखांचा कागद वाचला, बाबूकडे पाहिलं आणि फाईल आत मागवली. तिसऱ्या दिवशी दाखला मिळाला.

परत येताना बसमध्ये दिव्यानीच्या मांडीवर दाखला होता. इस्तारीला वाटलं, पोरगी आता काहीतरी चांगलं बोलेल. ती खिडकीबाहेरचे साग पाहत होती. मग म्हणाली, "माह्यं एक वर्स गेलं, काकाजी. थे कोनत्या रकान्यात लिवता?"

पुढच्या साली तिला जागा मिळाली. मधलं वर्ष ती मायसोबत चिखलात रोवणा करत होती.

इस्तारीची थैली गेली ती गेलीच. दर दिवाळीला गिरजा भिंत पोते आणि तो नव्याने रकाने पाडे. गोल पडत राहिले, पण कमी. बाजूच्या गावचे लोकही आपल्या ओळी भरायला येऊ लागले. कचेरीत त्याला 'तारखावाला' म्हणू लागले, प्रेमाने नव्हे.

२००३ च्या पावसाळ्यात गिरजेला मलेरिया झाला. आरोग्य उपकेंद्रात नर्स म्हणून दिव्यानी होती. तिने रक्त काढलं, गोळ्या मोजून दिल्या, कोणती कधी घ्यायची ते गिरजेला दोनदा समजावलं. इस्तारी दारात छत्री धरून उभा होता. त्याच्याशी ती बोलली नाही. गिरजेला रागच आला. एवढं केलं तरी पोरगी तोंड फिरवते, असं ती घरी येताना पुटपुटली.

"नाई," इस्तारी म्हणाला. "तिचं बरोबर आहे." आणि बांधावर गिरजेचा पाय घसरू नये म्हणून त्याने तिचा दंड धरला.