ओल किती गेली?

आमच्या वडिलांना, आबांना, पाऊस मिलिमीटरमध्ये कळत नाही. पाऊस उघडला की शेतात जायचं, खुरप्यानं काळी माती उकरायची आणि ओल किती खाली गेली ते हातानं मोजायचं. चार बोटं, वीत, दीड वीत. सेलूच्या बाजारात ओळखीचं कुणी भेटलं की आबा आधी हेच विचारणार, मग चहा.

ताई लग्न होऊन तैवानला गेली आणि आबांची पंचाईत झाली. आपल्याकडं अख्ख्या पावसाळ्यात पडतो तेवढा पाऊस तिकडच्या डोंगरात एकेका वादळात पडतो, असं तीच एकदा हसत सांगून बसली. झालं! तिकडं वादळ आलं की आबांच्या घशाखाली घास उतरेना. मी त्यांना मोबाईलवर आकडे दाखवले, तिथल्या भक्कम इमारती दाखवल्या. सगळं वाया. त्यांनी माझ्या हातातून फोन ओढून ताईला लावला आणि तिलाच विचारलं, "बाई, ते मरू दे. ओल किती गेली?"

बाराव्या मजल्यावर राहणारी ताई जरा गडबडली. मग गॅलरीत जाऊन तिनं कढीपत्त्याच्या कुंडीत बोटं खुपसली. "चार बोटं, आबा."

"मंग काय! एवढ्यावर तर आमी पेरत बी न्हाई," म्हणत आबा जेवायला बसले.

गॅलरीला छप्पर आहे आणि कुंडीला पाणी ताईच घालते, हे मला ठाऊक होतं. मी त्यांच्या ताटात भाकरी वाढली. पुढं प्रत्येक वादळात तीच कुंडी आणि तीच चार बोटं. मला हसू यायचं आणि त्या दोघांचा थोडा हेवाही वाटायचा.

यंदा भाद्रपदात उलटं झालं. दुधना नदी फुगली, पाणी सोयाबीनमधून गोठ्यात शिरलं. आम्ही बैल सोडून वरच्या शाळेकडं न्यायला लागलो, तेवढ्यात ताईचा फोन आला. तिनं बातम्या बघितल्या होत्या.

"आबा, लय पडायलाय का? खरं सांगा, ओल किती गेली?"

आबा कासरा धरून गुडघाभर पाण्यात उभे होते. मी तोंड उघडू नये म्हणून त्यांनी माझ्यावर डोळे वटारले.

"चार बोटं," ते म्हणाले.

पलीकडं ताईला रडू फुटलं. रडता रडताच तिनं विचारलं, "शेतातली का कुंडीतली, आबा?"

"तुज्या छपराखालच्या कुंडीतली, बाई," आबा म्हणाले, आणि फोन माझ्याकडं देऊन बैलाला पुढं ओढू लागले.