सात वर्षांची गाठ

हे लिहायचं मी बरीच वर्षं टाळलं. आधी लाज वाटायची. मग बायको गेली, आणि गेलेल्या बाईच्या अंगाबद्दल कशाला लिहायचं, हे नवं कारण मिळालं. आता सत्तरी उलटली. आणखी कारण सुचत नाही.

माझ्या बायकोला योनीच्या तोंडाशी, डाव्या बाजूला, गाठ झाली होती. साधी, पाण्याची. तिथे ओलावा सोडणारी एक लहान ग्रंथी असते. तिचं तोंड बंद झालं की आत पाणी साठतं आणि गाठ फुगते. तिची आधी हरभऱ्याएवढी होती, मग लिंबाएवढी झाली. मी शाळेत विज्ञान शिकवायचो, तेव्हा ग्रंथी म्हणजे काय हे मला कोणी सांगायची गरज नव्हती. प्रजननाचा धडा मात्र मी वर्गात कधी घेतला नाही. ‘घरी वाचून घ्या’ म्हणायचो आणि पुढचं पान उघडायला लावायचो.

आमचं घर जानेफळला. पाऊण एकर भाजीचा तुकडा तीच सांभाळायची. मेथी उपटणं, जुड्या बांधणं, मिरच्या तोडणं, सगळी उकिडवं बसायची कामं. ती एका कुशीवर कलून बसते हे मी पाहत होतो, पण विचारलं नाही. शेवटी तीच म्हणाली, “अहो, मले तिथं काहीतरी झालं.”

“कुठं?”

“तिथं. आता नाव घेऊ का?”

बुलढाण्याला एका डॉक्टरीणबाईंकडे गेलो. मेहकरपासून बसमध्ये जागा होती, तरी ती दांडीला धरून उभी राहिली. कंडक्टर दोनदा म्हणाला, “बसा न बाई, तिकीट बसायचंच काढलं तुमी.” ती नुसती हसली.

तपासून झाल्यावर बाईंनी तिला लघवीचा नमुना द्यायला पाठवलं आणि मला समोर बसवलं. कागदावर चित्र काढून सांगितलं. सुईनं पाणी काढता येतं, पण बहुतेक वेळा पुन्हा भरतं. नुसतं फोडलं तरी तेच. त्यापेक्षा छोटं ऑपरेशन करू. गाठ उघडून तिच्या कडा बाहेरच्या कातडीला शिवायच्या, म्हणजे पाण्याला कायमची वाट राहते. त्यानंतरही कधी कधी परत होते, पण पुष्कळ कमी. अख्खी ग्रंथी काढणं हा शेवटचा उपाय, त्यात रक्त फार जातं. “वय चाळिशीपुढचं आहे, म्हणून एक तुकडा तपासायलाही पाठवू,” त्या म्हणाल्या. “दिसते साधीच. महिनाभरात तुमच्या मिसेस शेतात मांडी घालून बसतील.”

‘विचारून सांगतो’ म्हणून मी बाहेर आलो. समोरून हिरव्या कपड्यांतला एक मिशाळ माणूस रिकामं स्ट्रेचर ढकलत आला. माझा जुना विद्यार्थी.

“सर! तुमी इथं काऊन?”

“मॅडमले आणलं. मूळव्याध हाय,” मी म्हणालो. स्त्रियांच्या दवाखान्यात मूळव्याध. पण जे तोंडात आलं ते बोललो.

त्यानं खोड काढली नाही. उलट म्हणाला, “ऑपरेशन कराचं असन तं बिनधास्त करा, सर. थेटरात मीच राह्यतो. मॅडमले काही तकलीफ होऊ देत नाही.”

त्यानं चांगल्या मनानं म्हटलं होतं. पण माझ्या डोळ्यांपुढे टेबलावर झोपलेली माझी बायको आणि शेजारी उभा असलेला, मी पट्टीनं मारलेला हा पोरगा, एवढंच आलं. ती परत आली आणि पदर सावरत तिनं विचारलं, “काय म्हने डॉक्टरीनबाई?”

“भरली का फोडायची. दुसरा इलाज नाही.”

“कधीच नाही?”

“नाही.”

तिनं मान हलवली. मी शिकलेला होतो. माझ्यावर विश्वास न ठेवायला तिच्याकडे तोवर कारण नव्हतं.

त्यानंतर सात वर्षं तालुक्याच्या एका डॉक्टरकडे तिची गाठ फोडत राहिलो. फोडली की ठणका थांबायचा, ती घरी येऊन मोकळी चालायची, गुणगुणायचीसुद्धा. काही महिन्यांत पुन्हा बसता येईनासं व्हायचं. कधी पू धरायची, ताप चढायचा. तो तुकडा कधी तपासला गेला नाही. ती गाठ कॅन्सरची निघाली तर, हा विचार मला रोज यायचा, आणि रोज मी शाळेत जायचो.

गावात मूळव्याधीची बातमी मीच पोचवली होती. मग शेजारणी सुरण आणून द्यायच्या, ताकात काय काय कालवून पाजायच्या. नसलेल्या रोगाचं पथ्य तिनं सात वर्षं पाळलं. मिरची पिकवायची, पण खायची नाही. एका लग्नात ती पंगतीला बसेना, तर माझी बहीण सगळ्यांसमोर म्हणाली, “आमच्या वहिनीले खुर्ची आना बापा. मास्तरीन हाय ते, जमिनीवर कशी बसन?” बायका हसल्या. मी वाढत होतो. भाताचं भांडं घेऊन पुढे सरकलो.

आम्ही वेगळे झोपायला लागलो ते तिच्या दुखण्यामुळे. तिला वाटायचं, मला तिची किळस येते. एकदा तिनं तसं विचारलंही. मी ‘येडी का तू’ म्हणालो, पण तुला दुखेल म्हणून लांब राहतो, एवढंही सांगितलं नाही, म्हणून तिला तेच खरं वाटत राहिलं.

मग तिची धाकटी बहीण चिखलीहून राहायला आली. बहिणीला एका कुशीवर बसलेली पाहून तिनं ओळखलं. ओसरीवर मेथी निवडताना बोलली, मी आत पेपर तपासत होतो.

“बाई, मलेही झालती अशीच. ऑपरेशनात तोंड उघडं ठेवून शिवून देलं. महिन्यात चांगली झाली मी. तू काऊन नाही केलं?”

“मले तं सांगतलं का याले इलाजच नाही.”

“कोनं?”

मी लाल पेन हातात धरून बसलो.

दोघी बुलढाण्याला गेल्या. मला नेलं नाही. त्याच डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, हे मी तेव्हाच तुमच्या मिस्टरांना सांगितलं होतं. ऑपरेशन झालं, तुकड्याचा रिपोर्ट चांगला आला. माझ्या विद्यार्थ्यानं तिला गळ्यापर्यंत चादर पांघरून आत नेलं आणि ‘मॅडम, घाबरू नका’ एवढंच म्हणाला, असं तिच्या बहिणीनं सांगितलं. सात वर्षं मी ज्याला भ्यालो, ते इतकंच होतं.

घरी आल्यावर तिनं मला एकदाच विचारलं. “तुमाले सांगतलं होतं त्यायनं?”

“सांगतलं असन. मले तवा नीट समजलं नाही.”

“तुमाले? साऱ्या गावाच्या पोराईले समजावता तुमी.”

“डॉक्टरी भाषा होती,” मी म्हणालो.

ती उठून चुलीकडे गेली. महिनाभरानं ती मेथीच्या वाफ्यात बसलेली दिसली, दोन्ही पायांवर सारखी. तिच्या अंगाचं दुखणं संपलं होतं. पण त्यानंतर डोळे असोत, साखर असो, कुठल्याही डॉक्टरच्या दारात ती मला म्हणायची, “तुमी बाहेर बसा.” चिठ्ठी बहिणीला फोनवर वाचून दाखवायची, मला नाही. आमच्या मुलीला वाटतं, बाबांना तेव्हा कळलं नव्हतं. आईनं तिला तसंच सांगितलं. माझं खोटं तिनं माझ्यासाठी सांभाळलं.

शेवटी फुप्फुसाच्या आजारानं ती अंथरुणाला खिळली. दुपारी मुलगी जरा टेकली की मी जवळ बसायचो. तोंड उघडायचो. ती म्हणायची, “काय?” मी विचारायचो, “पानी पायजे का?” असं किती दुपारी झालं. मला म्हणायचं होतं ते हे : मले सारं समजलं होतं. तवाच समजलं होतं. माही इज्जत जाईन म्हनून मी तुले सात वर्षं दुखू देलं, अन् तू विचारलं तवा पुन्हा खोटं बोललो. मले माफ कर.