खंडेनवमीचे कार्ड

गिरणीत कार्डांचे यंत्र येण्यापूर्वी कोणाला काम द्यायचे हे जॉबरचा चामडी पट्टा ठरवीत असे. जॉबर म्हणजे विणाई खात्याचा मुकादम. सकाळच्या भोंग्याआधी बदली कामगार फाटकाशी जमत. कायम कामगार आला नाही, तर त्याचा माग त्या दिवसापुरता बदलीला मिळे. कोणाला, ते जॉबरच्या मर्जीवर. पुढे घुसेल त्याला तो मागावरून उतरवलेल्या पट्ट्याने फोडून काढी. कुंभारी गावाहून सायकलने येणाऱ्या एका बदलीचे दोन दात फाटकाच्या धुळीत पडताना मी पाहिले आहेत. तो रक्त थुंकला आणि पुन्हा तिथेच उभा राहिला. काम हवे होते.

सत्तरच्या दशकात मालकांनी ही पद्धत मोडायचे ठरवले. हजेरी कचेरीशेजारी यंत्र बसले आणि त्याची जबाबदारी माझ्याकडे आली. प्रत्येक बदलीच्या वर्षभराच्या हजेरीचे एक जाड कार्ड असे. हजेरी अक्षरांनी नव्हे, भोकांनी नोंदलेली. यंत्र ती भोके वाचून जास्त हजेरीपासून कमी हजेरीकडे यादी लावी. यादीत वर असतील ते कायम होतील, असे जाहीर झाले. पहिल्याच आठवड्यात खोलीच्या काचा जॉबरच्या माणसांच्या दगडांनी फुटल्या. एक दगड माझ्या कानशिलावर बसला. टाके घालून मी दुपारी कामावर परतलो.

कुंभारीचा तो बदली रोज खिडकीशी थांबून विचारी, ‘‘साहेब, मशीन माजं दिवस धरतंय न्हवं?’’

‘‘धरते.’’

‘‘मग जॉबरला द्यायच्या कोंबडीचा खर्च वाचला की!’’ असे म्हणून तो मोडक्या दातांनी हसे. कायम झाल्याशिवाय मुलगी देणार नाही, असे त्याला भावी सासऱ्याने बजावले होते.

खंडेनवमीला गिरणीतल्या प्रत्येक यंत्राची पूजा होई. कुंकू न लागलेल्या यंत्राला पुढे कोणी हात लावीत नसे. पूजेचा मान सर्वांत जुन्या जॉबरचा, म्हणजे विणाईतल्या त्याच मुकादमाचा. तो आमच्या खोलीतही आला. मॅनेजरांनी नारळ फोडला. जॉबरने यंत्राला हळद वाहिली आणि शेजारच्या कार्डांच्या गठ्ठ्याच्या कडांवर ओल्या कुंकवाची पाच बोटे वरपासून खालपर्यंत ओढली. मागाला ओढतात तशीच. मग तो हात जोडून बराच वेळ उभा राहिला. कोणाला त्यात वावगे दिसले नाही.

दसऱ्यानंतर यादी फाटकावर लागली. कुंभारीच्या माणसाचे नाव तीत नव्हते. त्याने ती दोनदा वाचून घेतली.

जॉबर तिथेच तंबाखू मळत होता. ‘‘काय रे, मशीन तुला वळखीना?’’ तो म्हणाला. ‘‘मी तिला कुंकू लावलंय, लेका. आता ती माजी बायकू झाली. तुजं कशी ऐकंल?’’

सगळे हसले. बदली हसला नाही. तो विणाई खात्यात शिरला, चालत्या मागाशेजारचा आडवे सूत नेणारा धोटा उचलून बाहेर आला आणि जॉबरच्या तोंडावर हाणला. धोट्याचे पोलादी टोक डोळ्यात गेले. जॉबर खाली बसला. बोटांच्या फटींतून रक्त शर्टावर उतरले. त्याच्या खात्यातल्या माणसांनी लाकडी दांडक्यांनी बदलीला झोडपले. हाड मोडल्याचा आवाज मागांच्या खडखडाटातही ऐकू आला. त्यानंतर तोच जमाव यंत्राच्या खोलीवर चालून आला. दार उखडले, कार्डे जमिनीवर तुडवली. मी यंत्रासमोर उभा राहिलो. बरगडीवर लाथा बसल्या. पोलिसांनी लाठीमार करून अंगण मोकळे केले.

कार्डे गोळा करताना एक कार्ड हाताला जाड लागले. ती दोन कार्डे होती. वाळलेल्या कुंकवाने कडेला चिकटली होती आणि यंत्रातून एक होऊन, एकमेकांची भोके झाकत गेली होती; दोघांचीही हजेरी यंत्राने चुकीची वाचली होती. खालचे कार्ड कुंभारीच्या माणसाचे होते. त्याची हजेरी यादीतल्या बहुतेकांपेक्षा जास्त होती.

मी दोन्ही कार्डे मॅनेजरांच्या टेबलावर ठेवली.

‘‘वरच्या कार्डाचा क्रम लावून यादी दुरुस्त करा,’’ ते म्हणाले. ‘‘पण कुंभारीवाल्याचे नाव घालू नका. माणसाचा डोळा फोडणारा गिरणीत राहत नाही.’’

‘‘यादी हजेरीची आहे.’’

‘‘मोजणे तुमचे काम. ठेवणे-काढणे माझे.’’

मी सिव्हिल हॉस्पिटलात गेलो. बदलीच्या खाटेशी हवालदार बसला होता. घडले ते मी सरळ सांगितले.

त्याने उशीवरून मान उचलली. ‘‘म्हंजे त्यानं मुद्दाम केलं न्हाय?’’

‘‘नाही. पूजा केली.’’

‘‘आन् माजं दिवस?’’

‘‘पुरेसे होते. जास्तच होते.’’

‘‘मग माजी जागा?’’

‘‘गेली.’’

मोडला नव्हता त्या हाताने त्याने माझी मान धरली आणि माझे तोंड खाटेच्या लोखंडी दांडीवर आपटले. एकदा, मग पुन्हा. हवालदाराने त्याला दाबून धरले तेव्हा तो ओरडत नव्हता, रडतही नव्हता. नुसता धापा टाकीत होता.

हवालदाराने तक्रार लिहून घ्यायला कागद काढला.

मी नको म्हणालो. व्हरांड्यातल्या नळावर तोंड धुतले आणि गिरणीत परतलो. दुरुस्त यादी संध्याकाळपर्यंत लावायची होती.