बाबांच्या खांद्याचं माप

"आधी माप, मग बात," असं म्हणून मेस्त्री समोरच्या टेबलावर आपली वीत टाकायचे. टेबल माझं, ऑफिस कंपनीचं, आणि मेस्त्री आलेले असायचे रजेची चौकशी करायला. पण वीत टाकल्याशिवाय त्यांच्या तोंडातून शब्द निघेल तर शपथ. खुर्चीवर बसण्याआधी खुर्ची मोजायची, चहा आला की कपाची उंची बोटांनी बघायची. माझ्या नवऱ्याला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा हाय-हॅलो राहिलं बाजूला, त्याच्याकडे खालून वर बघत म्हणाले, "पाच फूट सात." नवरा आठवडाभर धुमसत होता, कारण तो स्वतःला पाच-नऊ म्हणवतो.

दोह्याच्या इंडस्ट्रियल एरियात आमच्या कंपनीचा सुतारकामाचा कारखाना होता. दारं, चौकटी, बंगल्यांच्या मजलिसमधल्या, म्हणजे पाहुण्यांच्या दिवाणखान्यातल्या, कोरीव बैठका. मी तिथे टायपिंगपासून व्हिसाच्या कागदांपर्यंत सगळं बघायची. मी वसईची ख्रिश्चन, मेस्त्री रत्नागिरीकडच्या खाडीकाठचे मुसलमान. बाकी सगळे मल्याळी, नेपाळी, पठाण. आख्ख्या कारखान्यात मराठी बोलणारी आम्ही दोनच डोकी. घरी माझी मुलगी मराठीतल्या प्रश्नाला इंग्रजीत उत्तर द्यायची, त्यामुळे मेस्त्री बढाया मारायला लागले तरी मी कान देऊन ऐकायची. अहो, मराठी बढाई होती ना ती!

त्यांची सगळ्यात मोठी बढाई म्हणजे त्यांच्या बाबांची बंदूक. ठासणीची. तोंडाकडून दारू आणि छरे भरायचे, गजाने ठासायचे, घोड्याखाली तांब्याची टोपी बसवायची आणि चाप ओढायचा. डुकरं आणि वानरं शेतातून हाकलायला परवान्यावर मिळालेली. सबंध गावात ती एकच, म्हणून घराला नाव पडलं बंदूकवाल्यांचं. "बाबांनी आयुष्यात डुकरं किती मारली?" मी एकदा विचारलं. मेस्त्रींनी जरा विचार केला. "मारलं नाय एकपण. पण घाबरवली लय."

आता तुमच्यापैकी ज्यांच्या घरी परवान्याची बंदूक असेल त्यांना ठाऊक असेल. निवडणूक लागली की ती पोलीस ठाण्यात जमा करावी लागते, आणि मतं मोजून झाली की परत मिळते. त्या वर्षांत सरकारं धड टिकत नव्हती, निवडणुका उठसूट यायच्या, आणि प्रत्येक खेपेला म्हातारा बंदूक गोणपाटात गुंडाळून एसटीने ठाण्यात नेऊन द्यायचा. अशीच एकदा ती परत आली ती दस्ता मोडून. दस्ता म्हणजे खांद्याला टेकतो तो लाकडी भाग. ठाण्यात कोणी पाडली, कोणी तिच्यावर कपाट ठेवलं, देव जाणे. मूठ आवळायची जागा असते त्या मनगटाशी उभी चीर जाऊन दोन तुकडे झाले होते.

परवाना वाढवायच्या वेळी कचेरीत धड बंदूक दाखवावी लागते, आणि ती धरणारा माणूसही. नाही दाखवली तर परवाना गेला, आणि बंदूक ठाण्यात कायमची. तिकडे बंदुकांची कामं करणारा जुना कारागीर केव्हाच वारला होता. म्हाताऱ्याने फोनवर मुलाला सांगितलं, "तू सुतार ना रं? मग कर." झालं. ज्या माणसाने जन्मभर दारं आणि चौकटी केल्या, तो दोह्यात बसून बंदुकीचा दस्ता करायला शिकू लागला.

शिकायचं कोणाकडून? तर फोनवर बापाकडून, ज्याने स्वतः कधी रंधा हातात धरला नव्हता. तिकडे सुट्टी शुक्रवारची, म्हणून गुरुवारी अर्धा दिवस भरला की मेस्त्री माझ्या टेबलावरच्या फोनवरून कार्ड घासून घरी लावायचे. म्हातारा कानाने अधू, त्यामुळे इतका ओरडायचा की पलीकडे पाणी पिणाऱ्या नेपाळी ड्रायव्हरलासुद्धा ऐकू जाई. "नळी रुतली पायजे! बसली नाय, रुतली!" मेस्त्री मान डोलवायचे, जणू काही म्हाताऱ्याला दिसतंय. मोडक्या तुकड्यांभोवती पेन्सिल फिरवून त्यांच्या बायकोने खाकी कागदावर आकार काढून पाठवला होता. एका मजलिसच्या कामातून उरलेलं अक्रोडाचं लाकूड त्यांनी मालकाला विचारून घेतलं. नळी आणि घोडा गावी, म्हणून त्यांच्या जागी लाकडाचीच नळी, लाकडाचाच घोडा करून ते खाच घालून बघत. पहिला दस्ता चिरला. दुसऱ्यात घोड्याची खाच उलट्या बाजूला गेली. तो त्यांनी स्वतःच्या हाताने करवतला आणि तिसरा करायला घेतला.

मी आपली घाबरून मेले होते. "अहो मेस्त्री, हे कतार आहे. कोणी बघितलं तर तुम्ही जाल ते जाल, मला पण नेतील!"

"बाय, लाकडाला कोण धरतंय?"

आणि एका सकाळी धरलंच. आमचे अरबाब, म्हणजे कंपनीचे कतारी मालक, अचानक कारखान्यात आले आणि थेट मेस्त्रींच्या बाकापाशी थांबले. अरबाबांनी ती लाकडी बंदूक उचलली, सराईतपणे खांद्याला लावली, छताच्या पंख्यावर नेम धरला. मग ती खाली ठेवून ते एवढंच म्हणाले, "तवील." म्हणजे लांब आहे. मेस्त्री हसून हिंदीत म्हणाले, "अरबाब, आपके वास्ते लंबा है. जिसका है उसको बराबर बैठेगा." अरबाबसुद्धा हसले, यल्ला यल्ला, म्हणजे चला चला, करत निघून गेले. मी खुर्चीत बसून आधी पाणी प्यायले.

तो दस्ता काय झाला होता म्हणून सांगू! मी बंदुकीतलं ओ की ठो जाणत नाही, पण त्यावरून हात फिरवावासा वाटायचा. माप कुठलं घेतलंत विचारल्यावर मेस्त्रींनी आपला हात कोपरात दुमडून दाखवला. "मी बाबांवर गेलोय. सगळा गाव बोलतो. माझा हात तोच बाबांचा हात."

दोन वर्षांनी येणारी रजा आली. चादरीत गुंडाळलेला दस्ता घेऊन मेस्त्री गेले. तर तिकडे निवडणूक! बंदूक ठाण्यात जमा. महिनाभराच्या रजेत मेस्त्रींना घरची बंदूक बघायलाही मिळाली नाही. कपाळ त्यांचं, दुसरं काय! मग त्यांनी नुसता दस्ताच बाबांच्या खांद्याला लावून बघितला.

परत आल्यावर माझ्यासमोर बसले ते टेबल न मोजताच. मी म्हटलं, "काय झालं?"

"चार बोटं लांब झाला, बाय."

"म्हणजे तुमचं माप चुकलं?"

"माप बरोबर होतं," मेस्त्री म्हणाले. "बाबाच आखडलाय."

म्हातारा म्हणे हसला. म्हणाला, अरे, दोन वर्षांनी उगवतोस, मी काय तुझ्यासाठी ताठ उभा राहू? मेस्त्री मला हे सांगताना हसायला गेले, पण त्यांना ते जमलं नाही. मलाही जमलं नाही. मला माझी वसईची आई आठवली, जिच्यासाठी मी दर खेपेला जुन्याच मापाचे ब्लाउज शिवून नेत होते.

मी त्यांना सुचवलं, की उगाच अंदाज नको, बायकोला सांगून बाबांच्या हाताचं माप दोऱ्याने घ्या आणि येणाऱ्या-जाणाऱ्याबरोबर दोरा मागवा. त्यांना ते पटलं. अल खोरला राहणारा त्यांच्या गावचा एक माणूस सुट्टीवरून आला, त्याने पाकिटातून दोरा आणला. मेस्त्रींनी माझ्यासमोरच तो उलगडला, आपल्या कोपरापासून बोटांपर्यंत ताणला. दोरा तळहाताच्या मध्यावरच संपला.

त्यांनी दोरा पुन्हा ताणून बघितला. मग एकदम भडकले. "काय बायको हाय! शेजारच्या पोराचं माप घेतलंन वाटतं!"

"अहो, असेल बरोबर. वय झालं त्यांचं."

"वय झालं म्हणून हाडं कमी होतात काय?"

"मेस्त्री, आधी माप, मग बात, हे तुम्हीच म्हणता ना?"

"बाय," ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "हा माझा बाप हाय. ह्या हाताने मला खांद्यावर बसवून खाडी पार केलीय." आणि दोऱ्याला गाठ मारून खिशात टाकला.

ज्या माणसाने आयुष्यात कधी माप नाकारलं नव्हतं, त्याने ते एक माप नाकारलं. जुना एवढा कापला तर घाट बिघडला असता, म्हणून उरल्या अक्रोडातून नवा दस्ता केला, दोऱ्यापेक्षा दोन बोटं जास्त ठेवून. मला दिसत होतं. पण बापाचं माप कमी करा, असं कोण कोणाला सांगतं?

पुढच्या रजेत बंदूक सुदैवाने घरी होती. परवाना वाढवायची वेळही तेव्हाच आली होती. मेस्त्रींनी नळी रुतवली, घोडा बसवला, सगळं जिथल्या तिथे. दस्ता दोन बोटं लांब भरला, तो अंगणात बसून कापला. पण आता अडचण लांबीची नव्हतीच. म्हाताऱ्याला बंदूक उचलवेना. मग मेस्त्री त्यांच्या पाठीमागे उभे राहिले, नळीचा भार स्वतःच्या तळहातावर घेतला. बाबांनी दस्त्यावर गाल टेकला, एक डोळा मिटला, समोरच्या फणसावर नेम धरला. दारू भरलेली नव्हती. चाप ओढून म्हाताऱ्याने तोंडानेच मोठ्याने केलं, "ठो!"

आणि मग म्हणाला, "पळालं बग डुक्कर."

हे सांगताना मेस्त्री हसले, आणि हसता हसता रडले. कारखान्यातलं रंध्याचं मशीन चालू होतं म्हणून बरं, बाहेर कोणाला ऐकू गेलं नाही.

कचेरीत मात्र मुलाला पाठीमागे उभं राहता येत नाही. साहेब चांगला होता म्हणे. त्याने म्हाताऱ्याला खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि मेस्त्रींना बाजूला घेऊन सांगितलं की आता ह्यांच्या नावावर परवाना ठेवता येणार नाही. मेस्त्री म्हणाले, माझ्या नावावर करा. साहेबाने विचारलं, राहता कुठे? कतारला. मग तो म्हणाला, तुम्ही कतारला आणि डुकरं इथे, कसं करायचं? साहेबाचं काही चुकलं नव्हतं. मेस्त्रींचंही नव्हतं. घरी राहून परवाना मिळाला असता, पण घर चालायचं कतारवर, आणि तीन मुली लग्नाच्या होत्या. त्या अक्रोडाच्या दस्त्यासकट बंदूक ठाण्यात गेली. मेस्त्रींनी स्वतः नेऊन दिली.

बाबांना हे सांगायचं कोणी? कोणीच सांगितलं नाही. सुनेने म्हटलं, निवडणूक लागलीय, म्हणून जमा केली. म्हाताऱ्याला ते लगेच पटलं. आयुष्यभर तेच तर करत आला होता.

त्यानंतर दर गुरुवारी माझ्या टेबलावरून एकच बोलणं व्हायचं. मी त्या वेळी मुद्दाम काहीतरी टाइप करत बसायची.

"निकाल लागला काय रं?" पलीकडून आवाज येई.

"नाय बाबा. मोजणी चालू हाय."

"अजून?"

"ह्या खेपेला मतं लय पडली."

"बंदूक ओली व्हायची रं ठाण्यात. सांग त्यांना, पुसून ठेवा म्हणावं."

"सांगतो, बाबा."

म्हाताऱ्याचा आवाज गुरुवारागणिक बारीक होत होता. आता नेपाळी ड्रायव्हरला ऐकू जात नसे, मलाही कान लावावा लागे. मी मेस्त्रींना एकदा म्हटलं, खरं सांगून टाका हो, किती दिवस असं. ते म्हणाले, "खरं सांगून मी इकडे फोन ठेवीन. तिकडे बाबाजवळ बसणार कोण?" मी परत कधी तो विषय काढला नाही.

पुढे कंपनीचं ऑफिस वेस्ट बेला गेलं, मी तिकडे गेले, मेस्त्री दुसऱ्या कोणाकडे लागले, आमची चुकामूक झाली ती झालीच. पण त्या टेबलावरचा शेवटचा गुरुवार माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. पलीकडून म्हाताऱ्याने काहीतरी विचारलं. मेस्त्री रिसीव्हरवर हात ठेवून माझ्याकडे बघायला लागले.

"काय म्हणतात?" मी विचारलं.

"म्हणतोय, मी मेल्यावर निकाल लावणार काय रं ते? बाय, काय सांगू?"

सगळ्या कंपनीला उत्तरं देणारी बाई मी. तिथे नुसती नकारार्थी मान हलवली.

मेस्त्रींनी रिसीव्हर कानाला लावला. "बाबा, कोणीतरी फेरमोजणी मागितलीय."

मी खुर्ची पुढे ओढून कान जवळ नेला.

"मागू दे," म्हातारा म्हणाला. "घाई नाय. मी हाय."