परबकाकांनी आखूड कापलेली नळी

तुमची गाडी दुरुस्त करणारा माणूस, ती नजरेआड झाल्यावरही तिचा विचार करत असेल, असं तुम्हाला कधी वाटलंय का?

परबकाका करत. कांजूरमार्गला आमच्या चाळीच्या तोंडाशीच त्यांचं ट्रकचं गॅरेज होतं. ट्रक गेला की कामातून उरलेल्या वस्तू ते एका पुठ्ठ्यावर मांडून बसत. जुना नट, झिजलेला वॉशर, नळीचे तुकडे. मूळचे कुडाळचे, गिऱ्हाइकांशी मुंबईची मराठी, चाळीतल्यांशी मालवणी. म्हणत, "गाडीत गेला ता आता दिसाचा नाय. उरला ता खरा सांगता."

मी पत्रकांवर वाढलेली. वडील युनियनची पत्रकं घरी आणत. पुढे मी कचऱ्याच्या डम्पिंगच्या वासाविरुद्ध स्वतःची वाटू लागले. काका चष्मा लावून शेवटच्या ओळीपर्यंत वाचत आणि विचारत, "गो चेडवा, सगळी चूक दुसऱ्यांचीच कशी?" मला भयंकर राग यायचा. चूक दुसऱ्यांचीच तर होती!

एका दुपारी बबनचा ट्रक आला होता. बबन नाशिकला माल नेई. इंजिनाकडे जाणाऱ्या डिझेलचा दाब सारखा खालीवर होई आणि चढावर गाडी धापा टाके. दाब सांभाळणारा मूळ कंपनीचा रेग्युलेटर मिळेना, म्हणून काकांनी बाजारातला, दुसऱ्या बनावटीचा बसवला. जास्तीचं डिझेल टाकीत परत नेणारी नवी नळी कापून जोडली. मीटरच्या काट्यावर डोळा ठेवून स्क्रू हळूहळू फिरवला, काटा हवा तिथे थांबल्यावर नट आवळला.

"झकास!" बबन म्हणाला. "आता कसाऱ्याचा घाट गाणी म्हणत चढतो की नाही बघा."

तो गेला. काकांनी पुठ्ठा मांडला, नळीचा उरलेला तुकडा उचलला आणि त्यावर हाताची वीत ठेवली.

"इतको कसो उरलो?"

त्यांचा चेहरा उतरला. नवा रेग्युलेटर जुन्यापेक्षा चार बोटं वर बसला होता. नळी मात्र त्यांनी जुन्याच मापाने कापली होती. ती ताणून बसली असणार. चढावर इंजिन हादरलं की ती निसटणार आणि डिझेल तापलेल्या सायलेन्सरच्या पाइपावर पडणार. "पेटली तर बबन केबिनीतच असतलो गो."

काकांनी बबनला लावलेला फोन नुसता वाजत राहिला. चालत्या गाडीत फोन घ्यायचा नाही, हे बबनला शिकवलं होतं काकांनीच. पण शहर सोडण्याआधी तो मुलुंड नाक्यावर चहाला थांबे. काका नवी नळी गळ्यात अडकवून माझ्या स्कूटरवर बसले.

वाटेत मी म्हटलं, "काका, पार्टच खराब निघाला म्हणा. कोण बघतंय? उगाच धंद्याची वाट लागेल." हे मी म्हटलं, मी, सत्यासाठी रस्त्यावर घसा फोडणारी!

मागून आवाज आला, "कंपनीन नळी कापूक नाय. मी कापलंय."

बबन टपरीवर चार ड्रायव्हरांत बसला होता. "काय काका, एवढ्यात आठवण आली?"

"ग्लास ठेव आणि बॉनेट उघड. मी नळी आखूड कापली, बबन."

बबनने बॉनेट उघडलं. नळी क्लिपमधून अर्धी सरकली होती. टोकाला डिझेलचा थेंब लोंबत होता. बबन त्याच्याकडे बघतच राहिला.

मागून एक ड्रायव्हर हसला, "असला मिस्त्री शोधलास होय रे?"

"असलाच," बबन म्हणाला. "दुसरा कोण इथपर्यंत आला असता? गप बस तू."

इंजिन निवेपर्यंत काका थांबले. बबनने त्यांच्या हातात चहा दिला. मग त्यांनी नळी बदलली, इंजिन चालू करून पुन्हा काटा पाहिला, बबनच्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाले, "आता जा."

गोष्ट पसरली. काही गाड्या दुसरीकडे जाऊ लागल्या. काकांना वाईट वाटलं नाही असं नाही. पण कोणी नवा ट्रक घेऊन आला की ते स्वतःच सांगत, "माझ्याकडून एकदा असं झालंय. ऐका, मग ठरवा."

गेल्या वर्षी काका गेले. बबन नाशिकची फेरी सोडून आला आणि खांदा बदलायला कोणी पुढे झालं तरी त्याने तो बदलू दिला नाही.

तुमची एखादी चूक सोबत घेऊन आत्ता कोणीतरी निर्धास्त चाललं असेल. त्या माणसाला आजच गाठा. फोन उचलला नाही तर उठून जा. आणि समोर उभे राहिलात की आधी चूक सांगा, कारणं नंतर.