आयर्लंडची बस आणि पेणकरपाड्याचं घर

किस्से कोणी मुद्दाम जमवत नाही. ओट्याखाली पिशवीत पिशव्या कोंबून ठेवतो ना आपण, तसे ते आपोआप साठत जातात, आणि एक काढायला गेलं की चार बाहेर येतात! आमच्या ऑफिसचं तसंच आहे. कोणी नुसतं "शुभाताई, तुम्ही नक्की काय काम करता हो?" असं विचारलं की त्याची संध्याकाळ गेलीच म्हणून समजा.

तर काम असं. मीरा रोडला, बेव्हर्ली पार्कात एका डेंटिस्टच्या दवाखान्यावर आमचं छोटंसं ऑफिस आहे. आयर्लंडच्या संसदेत आदल्या दिवशी जे बोललं गेलं त्याचं रेकॉर्डिंग दुपारी आमच्याकडे येतं आणि आम्ही ते हेडफोन लावून शब्द न शब्द टाइप करतो. तिकडची एक कंपनी हे आमच्याकडून करून घेते. घरांची टंचाई, हॉस्पिटलातलं वेटिंग, म्हाताऱ्यांचं पेन्शन, शाळेच्या बस... खालून दाढेच्या ड्रिलचा आवाज आणि कानात आयर्लंडचे खासदार!

माणसं आम्ही मोजकीच. जिग्नेशभाई मालक. नाईककाका प्रूफ रीडर, दादरच्या शाळेतून रिटायर झालेले इंग्रजीचे मास्तर. ग्रेस उत्तनची, मासेमारी करणाऱ्या घरातली. टायपिंगचा स्पीड असा की कीबोर्डची दया यावी. वैशाली पेणकरपाड्याची, सगळ्यांत धाकटी. आणि मी. नवरा गेल्यावर मला घर खायला उठायचं, तेव्हा या लोकांनी पन्नाशी उलटलेल्या बाईला कामावर घेतलं, वर रोज डब्यातलं वाटूनही घेतलं. त्यामुळे यापुढे मी त्यांची जी काही टिंगल करेन ती उपकार स्मरून करतेय, एवढं ध्यानात ठेवा.

आणखी एक आधीच सांगते. हे किस्से ज्या वर्षातले, त्या वर्षी वैशालीच्या बिल्डिंगवर 'धोकादायक' म्हणून नोटीस लागली होती. पावसाळ्याच्या आत घर रिकामं करायचं होतं. नवरा कुरियरमधे, घरात माळकरी सासू, आणि परवडेल अशी भाड्याची खोली काही केल्या मिळत नव्हती. "मिळेल हो, बघतोय आम्ही," असं ती म्हणायची आणि मान खाली घालून टाइप करायला लागायची. आम्हीही बापडे विश्वास ठेवायचो.

* * *

त्या संसदेत एक पद्धत आहे. कोणी कोणावर कितीही भडकलं तरी थेट त्याच्याशी बोलायचं नाही, सगळं अध्यक्षांकडे बघून बोलायचं. कोणी विसरलं की अध्यक्ष बजावतात, खुर्चीमार्फत बोला!

आमच्याकडे नाईककाका आणि ग्रेस यांचं एसीवरून रोज वाजायचं. काकांना थंडी, ग्रेसला उकाडा. शेवटी जिग्नेशभाई वैतागले. "झगडा करना है ना? वो लोग के जैसा करो! आज से वैशाली अध्यक्ष. सब उसके थ्रू!"

दुसऱ्या दिवशी काका उभे राहिले. "माननीय अध्यक्ष, समोरच्या सदस्यांनी या खोलीचा बर्फाचा कारखाना केलाय."

ग्रेसने स्क्रीनवरची नजरही हलवली नाही. "अध्यक्ष, मेंबरला सांगा, बायकोने विणलेला स्वेटर त्यांच्या बॅगेत हाय. मी बगितलाय."

वैशालीने दोघांचं नीट ऐकून घेतलं. मग उठली, एसी बंद केला, पंखा फुल्ल केला आणि दोन्ही खिडक्या उघडल्या. दोघंही हरले, म्हणून दोघंही खूश! नोटीस लागल्यापासून त्या दिवशी ती पहिल्यांदा हसली आणि आम्ही तो खेळ मग रोजचाच करून टाकला.

* * *

पण सवय वाईट हो. नाईककाकांच्या सोसायटीची मीटिंग होती, गच्चीवर. विषय पाण्याचा पंप. सेक्रेटरी शहाभाई आणि काका यांचा जुना छत्तीसचा आकडा. काका उठले, घसा साफ केला आणि शहाभाईंकडे पाठ करून बोलू लागले, "मी माननीय सेक्रेटरींना खुर्चीमार्फत विचारू इच्छितो, की पंप कधी दुरुस्त होणार?"

शहाभाईंनी आजूबाजूला बघितलं. "अंकल, कौनसी कुर्सी? सब सतरंजी पे बैठे हैं!"

हे काकांनी स्वतःच आम्हाला सांगितलं, म्हणून त्यांना मानायचं. मी विचारलं, "मग पंपाचं काय झालं?"

"झाला दुरुस्त. शहा म्हणाला, इतकी वर्षं हा माणूस माझ्यावर ओरडायचा, आज पाठ फिरवून का होईना, माननीय म्हणाला!"

* * *

एक खासदार होते तिकडचे. नाव सांगत नाही, आमच्यात त्यांचं नाव 'बसवाले' असंच पडलं होतं. त्यांच्या भागात कुठलंसं एक गाव आहे, तिथून हॉस्पिटलला जायला बस नाही. विषय घरांचा असो, करांचा असो, शेतीचा असो, गृहस्थ फिरून फिरून त्या बसवर यायचे. म्हाताऱ्या बायका शेजाऱ्याच्या गाडीसाठी थांबतात, शेजारी गेला तर तपासणी चुकते, असं कळवळून सांगायचे. मंत्री दर वेळी म्हणायचे, विचार चालू आहे.

ग्रेसने त्या म्हाताऱ्यांसाठी उत्तनच्या चर्चमधे मेणबत्ती लावायला सुरुवात केली. "माज्या आयचं पन तसंच हाय," म्हणाली, "तिला गुडघ्यासाठी भाईंदरला न्यायची तर अर्धा दिवस जातोय." बसवाल्यांची फाइल कोण टाइप करणार यावरून आमच्यात चढाओढ लागायची.

आणि एक दिवस काय! वैशाली टाइप करता करता किंचाळलीच. मंत्र्यांनी बस मंजूर केली होती. तिने हेडफोन काढून आवाज स्पीकरवर लावला. बसवाले उठले आणि त्यांना बोलताच येईना. इतकी वर्षं एकाच बसवर बोलणारा माणूस नुसतं 'थँक यू' म्हणून खाली बसला. नाईककाका चष्मा पुसत राहिले. मी खाली जाऊन पेढे आणले.

तेवढ्यात जिग्नेशभाई आले. पेढा तोंडात टाकत म्हणाले, "वाह! किसका रिश्ता पक्का हुआ?"

"रिश्ता नाही, बस चालू झाली!"

"कौनसी? काशिमीऱ्याची?"

"आयर्लंडची!"

त्यांनी चावणं थांबवलं. पण पेढा काही परत दिला नाही.

* * *

जिग्नेशभाई स्वतः कधी रेकॉर्डिंग ऐकायचे नाहीत. मुलाला तिकडे शिकायला पाठवायचं ठरलं तेव्हा मात्र एकदम विद्यार्थी झाले. "मॅडम, वहाँ घर का क्या सीन है?" मी म्हटलं, ऐका तुम्हीच, आणि घरटंचाईवरची एक आख्खी चर्चा त्यांच्या कानाला लावून दिली.

अर्ध्यातच हेडफोन काढून बसले. "ये लोग भी भाडे के लिए रोते हैं? मेरे को लगा अपना मीरा रोडच असा आहे!"

मग आम्ही सगळ्यांनी त्या मुलाला तयार केलं. कुठल्या मंत्र्याने काय कबूल केलंय, भाडेकरूचे हक्क काय, विरोधकांचं म्हणणं काय, नाईककाकांनी त्याची तोंडी परीक्षासुद्धा घेतली! पोरगं गेलं, खोली बघायला लाइनीत उभं राहिलं, आणि घरमालकीण भाड्याविषयी काहीतरी बोलली तर त्याने तिला संसदेतलं उत्तर पाठ म्हणून दाखवलं. बाई थक्क. "किती वर्षं आहेस तू या देशात?"

"परवा आलोय, आंटी!"

खोली मिळाली. जिग्नेशभाईंनी त्या दिवशी सगळ्यांना उंधियू खिलवला आणि नाईककाकांना हात जोडले. सगळं ऑफिस खुशीत, आणि वैशाली कोपऱ्यात बसून वाटीतला उंधियू नुसता चिवडतेय. इथून एक पोरगं जाऊन परदेशात खोली मिळवतं, आणि हिला पेणकरपाड्यात मिळत नाही. तेव्हा कुठे माझी ट्यूब पेटली.

* * *

त्यानंतरची गोष्ट. उन्हाळा संपत आलेला, घर सोडायची तारीख तोंडावर. वैशालीच्या वाट्याला जी फाइल आली त्यात एका खासदार बाईंचं भाषण होतं. त्यांच्या भागातलं एक कुटुंब घर गेल्यामुळे हॉटेलच्या खोलीत राहतंय, म्हाताऱ्या आईला स्वयंपाकाला जागा नाही, ती कॉटवर बसून रोज विचारते, आपण घरी कधी जायचं?

आमच्याकडे एक रीत होती. ज्याला एखादं भाषण सहन होत नाही त्याने ते शेजारच्याला द्यायचं, कारण विचारायचं नाही. वैशालीने हेडफोन काढून ग्रेससमोर ठेवले. ग्रेसने ते घेतले, कानाला लावले, थोडं ऐकलं आणि काढून टेबलावर ठेवले.

"त्यांचं ते बगतील," ती म्हणाली. "तुजं सांग. सासूला कुठं नेतेस?"

आणि वैशालीचा बांध फुटला. खोली मिळालेलीच नव्हती. दोनदा ठरता ठरता मोडलं होतं. नवरा मित्राकडे झोपेल, मी मैत्रिणीकडे, पण आईंना कुठे ठेवू, म्हणून ती ढसढसा रडली. मला इतकी लाज वाटली की सांगता येत नाही. अख्ख्या आयर्लंडच्या घरांची चिंता आम्ही टाइप करत होतो.

"आमचा वरचा माळा रिकामा हाय," ग्रेस म्हणाली. "नवऱ्याला पन आन. भाडाबिडा काय न्हाय."

"अगं, पण आई माळकरी आहेत. तुमच्याकडे मासळी..."

"मग? मासळी खाली, त्या वर!"

* * *

सासूबाईंना कळलं तेव्हा त्यांनी साफ सांगितलं, "मासळीच्या घरात मी पाणीसुद्धा पिणार नाही." पण बिल्डिंगचं पाणी तुटलं, लाइट तुटले, आणि गपचूप निघाल्या. सामान न्यायला ग्रेसच्या भावाचा मासळीचा टेम्पो, धुऊन पुसून आणलेला. त्यावर मात्र त्या अडल्या. "माझे देव या टेम्पोतून जाणार नाहीत!"

शेवटी नाईककाका, जन्माचे पक्के नास्तिक, मांडीवर देव्हारा घेऊन रिक्षातून उत्तनला गेले. रस्ताभर खड्ड्यांचा मार, आणि काका देवांना धरून बसलेले. उतरल्यावर म्हणाले, "इतक्या जवळून पहिल्यांदाच भेट झाली."

वरच्या माळ्यावर सासूबाईंनी वेगळी चूल मांडली आणि जिन्याच्या वरच्या पायरीवर जणू सीमारेषाच आखली. ग्रेसच्या आईनेही ती पाळली. रोज सकाळी वाडीतली ताजी भेंडी, वालाच्या शेंगा धुऊन मधल्या पायरीवर ठेवायची आणि खालूनच हाक मारायची. गुडघेदुखीवरून दोघींचं जिन्यातूनच बोलणं सुरू झालं, ते वाढत वाढत पार सुना आणि जावयांपर्यंत गेलं. अख्खा पावसाळा कोणी कोणाकडे एक पैसा मागितला नाही की उपकाराची भाषा केली नाही. वैशालीचं सोडा, मीच मनातल्या मनात त्या घराला रोज नमस्कार करायचे.

दिवाळीनंतर वैशालीला खोली मिळाली. छान, उजेडाची, पाण्याची. एका रविवारी आम्ही सगळे सामान आणायला उत्तनला गेलो. ग्रेसची आई चर्चला गेलेली. अंगणभर बारीक कोळंबीसारखा जवळा वाळत पसरलेला, त्याचा वास थेट रस्त्यापर्यंत. आणि मधोमध, गळ्यात तुळशीची माळ, नाकाला पदर, हातात लांब काठी घेऊन वैशालीची सासू उभी होती. कावळे हाकलत होती.

"आई, चला," वैशाली म्हणाली. "टेम्पो आलाय. खोलीची चावी मिळाली."

"थांब गं. मार्था प्रार्थनेला गेलीय."

"मी बगते ना आजी," ग्रेस पुढे झाली. "तुमी बसा टेम्पोत."

"तू कॉम्प्युटरवाली! तुला काय कळतंय त्यातलं?" सासूबाईंनी तिला बाजूला सारलं आणि सुनेकडे वळल्या. "आणि तू बघत काय उभी राहिलीस? खोली काय पळून जातेय? हा जवळा पळतो! धर ती दुसरी काठी!"